दर पावसाळ्यात लाकडी फ्लोअरिंग फुगतंय? फळ्या बदलण्याआधी ओल शोधा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बागेकडच्या दाराशी फळ्या वर उचलल्या. ऑगस्टमध्ये कॉन्ट्रॅक्टर आला, पाच फळ्या बदलून गेला. पुढच्या जुलैत त्याच जागी पुन्हा तेच. आमच्या मखमलाबाद रोडवरच्या रो-हाऊसमध्ये हे ओळीने तीन पावसाळे झालं आणि तिन्ही वेळा आम्हाला एकच उत्तर मिळालं: "नाशिकच्या हवेत लाकडाचं असंच असतं."

तसं असायलाच हवं असं अजिबात नाही. ज्यांच्या घरात हा त्रास दरवर्षी होतो त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. फळी बदलणं हा यावरचा इलाज नाही. पाणी कुठून येतंय ते सापडेपर्यंत नवी फळीही जुनीसारखीच फुगणार.

आम्हाला हे एका म्हाताऱ्या सुतारकाकांमुळे कळलं. त्यांचं आयुष्य जुन्या नाशकातल्या वाड्यांचे कडीपाट आणि तक्तपोशी दुरुस्त करण्यात गेलं. ते आले, फळ्यांकडे पाहिलंही नाही. आधी भिंतीकडेचं स्कर्टिंग पटाशीने हळूच सुटं केलं आणि खिशातलं पाच रुपयांचं नाणं फळी आणि भिंत यांच्यामध्ये उभं सरकवून पाहिलं. जाईना. फळी भिंतीला चिकटून ताठ बसली होती. मग कडेची एक फळी उचलून त्यांनी ती उलटी माझ्या हातात दिली. वरून चकचकीत मधाळ रंगाची, खालून काळसर पट्टे आणि बंद ट्रंकेत राहिलेल्या ओल्या कपड्यांसारखा वास. खालचा फोम दाबला तर बोटं ओली झाली. प्लास्टिकचा कागद कुठेच नव्हता.

"ताई, फळीला कशाला बोल लावता? ती पाणी पिणारच. तिला पाणी पाजतंय कोण ते बघा," काका म्हणाले. पुढे त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्या मनात बसली. वाड्यांमध्ये लाकडी जमीन माडीवर असायची, खालून-वरून वारा लागायचा. तळमजल्याला सारवलेली जमीन, नाहीतर दगडी फरशी. मातीला टेकलेल्या जागी लाकूड अंथरायची पद्धतच नव्हती. आपण आज तळमजल्याच्या हॉलमध्ये लाकूड घालतो. घालायला हरकत नाही, पण मग माती आणि लाकूड यांच्यामध्ये काय आहे याची जबाबदारी आपल्यावर येते.

आधी लक्षण ओळखा

"फ्लोअरिंग फुगलं" या एका वाक्यात चार-पाच वेगवेगळे आजार असतात. एखादी स्टीलची फूटपट्टी फळीवर आडवी ठेवा आणि मागून मोबाईलचा टॉर्च मारा.

पट्टी दोन्ही कडांवर टेकली आणि मधून उजेड आला, म्हणजे फळीच्या कडा वर आल्या आहेत आणि पोट खाली गेलं आहे. याचा अर्थ फळीची खालची बाजू वरच्यापेक्षा ओली आहे, म्हणजे पाणी जमिनीतून, स्लॅबमधून किंवा शेजारच्या बाथरूममधून येतंय. उलट फळी मध्ये फुगीर दिसली तर पाणी वरून मुरलंय, किंवा पूर्वी कडा वर आलेल्या असतानाच कोणीतरी घाईने घासाई करून ठेवली आहे. तेव्हा कडा घासून सपाट झाल्या, पुढे फळी वाळून सरळ झाली आणि मधला भाग उंच राहिला. ही चूक मी दोन घरांत पाहिली आहे, आणि दोन्हीकडे घासाईचे पैसे दोनदा गेले.

दोन फळ्या सांध्यापाशी एकमेकींना ढकलून वर उठल्या असतील तर ती जागेची अडचण आहे. फळ्यांना पसरायला कडेला मोकळी जागाच ठेवलेली नाही. कधी कधी भिंतीकडे जागा असते, पण वर जड वॉर्डरोब किंवा किचनची कॅबिनेट्स बसवलेली असतात, नाहीतर स्कर्टिंगचे खिळे थेट फळीत मारलेले असतात. फ्लोटिंग पद्धतीच्या फळ्या जमिनीला चिकटवलेल्या नसतात, त्या अख्ख्या एकत्र सरकतात. एका बाजूने त्यांना जखडलं की दुसऱ्या बाजूला त्या उचलतात.

लॅमिनेटचे फक्त सांधे ओठासारखे वर आले असतील तर बादलीच्या पोछ्याचं पाणी सांध्यात मुरलंय. लॅमिनेटचा गाभा हा दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड असतो. एकदा फुगला की वाळल्यावरही तो मूळ जाडीवर येत नाही. त्या फळ्या मात्र बदलाव्याच लागतात.

एप्रिल-मेमध्ये फळ्यांमध्ये बारीक फटी पडणं हा आजारच नाही. त्यात पुट्टी किंवा फिलर भरून घेऊ नका. पावसाळ्यात फळी रुंद झाली की तो फिलर एकतर पिचून बाहेर येतो, नाहीतर फळ्यांना पसरायला उरलेली तेवढी जागाही खाऊन टाकतो.

चालताना पोकळ आवाज येत असेल तर खालचा कोबा सपाट नाही. दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा-उंचवटा नको, हा सर्वसाधारण नियम आहे. काहीजण खड्ड्यात फोमचे दोन थर घालून वेळ मारून नेतात. त्याने फळी जास्तच दबते आणि फळ्या एकमेकींत अडकवणारं क्लिकचं लॉक तुटतं. आणि फळीतून पिठासारखा बारीक भुसा पडत असेल किंवा कडेने मातीच्या नळ्या दिसत असतील, तर तो ओलीचा विषय नाही, कीड आणि वाळवीचा आहे. त्यासाठी पेस्ट कंट्रोलवाल्याला आधी बोलवा.

लाकूड इतकं का हलतं

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, कापून शंभर वर्षं झाली तरी. नाशकात मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की लाकडातला ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास उतरू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये हवेची आर्द्रता दिवसचे दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर राहिली तर तेच लाकूड १५ ते १७ टक्क्यांकडे जाऊ लागतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं.

हिशेब करून बघा. सागाची पाच इंची फळी ओलावा १ टक्का वाढला की साधारण पाव मिलिमीटर रुंद होते. दहा फुटांच्या खोलीत अशा चोवीस फळ्या बसतात, म्हणजे १ टक्क्याला साधारण सहा मिलिमीटर. ओकची फळी जवळपास दुप्पट हलते. भिंतीकडे दहा-बारा मिलिमीटरची जागा का सोडायची आणि पॉलिशचा थर सगळ्या बाजूंनी धड का हवा, ते या आकड्यात आहे. इंजिनिअर्ड फळी प्लायसारखी आडव्या-उभ्या थरांची असते, म्हणून ती भरीव फळीपेक्षा बरीच कमी हलते. कमी हलते, हलत नाही असं नव्हे.

यात आपल्याकडची एक सवय भर घालते. गृहप्रवेश अक्षय्य तृतीयेला धरायचा असतो, त्यामुळे फ्लोअरिंगचं काम एप्रिल-मेमध्ये घाईने होतं. तेव्हा लाकूड वर्षातलं सर्वात आकसलेलं असतं. ते गच्च बसवलं की दोन महिन्यांनी फुगायला वाव उरत नाही. भर पावसात बसवलं तर उलटं होतं, होळीपर्यंत फटी. माझं मत विचाराल तर नाशकात हे काम दिवाळी झाल्यावर धरावं आणि फेब्रुवारी संपायच्या आत उरकावं. मुहूर्त आधीचा असेल तर एका खोलीत पूजा करून घ्या आणि लाकूड मागाहून घाला.

ओल शोधायची कशी

सर्वात स्वस्त चाचणी घरच्या घरी होते. फळ्या उचललेल्या जागी, किंवा जिथे कोबा उघडा आहे तिथे, दीड-दोन फुटांचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा चौकोन ठेवा आणि चारही कडा चांगल्या टेपने बंद करा. एक पूर्ण दिवस-रात्र हात लावू नका. आत दवबिंदू धरले किंवा कोबा गडद झाला तर खालून ओल चढते आहे. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता पाहिलं, तर प्लास्टिकच्या आतून थेंब ओघळत होते.

ही चाचणी मेमध्ये करून "सगळं कोरडं आहे" असा निष्कर्ष काढू नका. तेव्हा जमीनच कोरडी असते. तळमजल्यावर ती पावसाळ्यात, निदान गणपतीच्या सुमारास करा. नव्या बांधकामात आणखी एक गोष्ट बघा: कोबा वाळायला साधारण इंचाला एक महिना धरतात. वरून पांढरा दिसला म्हणजे आतून वाळला असं नसतं.

लाकडातला ओलावा मोजायचं दोन सुयांचं मीटर ऑनलाइन सहज मिळतं. ते घ्याच. घरातल्या चांगल्या, न फुगलेल्या जागेचं रीडिंग आणि फुगलेल्या जागेचं रीडिंग शेजारी शेजारी लिहा. मग दर दोन फुटांवर मोजत भिंतींच्या दिशेने सरका. ज्या भिंतीकडे आकडा चढत जातो, तिच्या पलीकडे काय आहे ते बघा. बाथरूमचा ट्रॅप असतो, वॉशबेसिनची पाइप असते, एसीच्या पाण्याची नळी असते, गॅलरीचा उतार आत आलेला असतो.

आमच्या बाबतीत आकडा बागेकडच्या भिंतीपाशी सर्वात जास्त आला. बाहेर जाऊन पाहिलं तर मीच हौसेने केलेला मोगऱ्याचा वाफा भिंतीला लागून होता आणि त्याची माती घराच्या आतल्या जमिनीपेक्षा वर आली होती. काळी माती पाणी धरून ठेवते हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. पावसाचं पाणी आणि मी रोज घातलेलं पाणी, दोन्ही भिंतीच्या पायातून आत येत होतं. तीन वर्षं आम्ही आत फळ्या बदलत होतो आणि बाहेर वाफ्याला पाणी घालत होतो.

आम्ही काय केलं

वाफा काढला. भिंतीलगत तीन फूट मुरूम दाबून बाहेरच्या बाजूला उतार दिला, आणि पन्हाळीचं पाणी पाइपने थेट गटारापर्यंत नेलं. हॉलच्या सगळ्या फळ्या नंबर घालून काढल्या आणि वरच्या खोलीत आडव्या, मध्ये काड्या ठेवून रचल्या. कोबा जानेवारीपर्यंत उघडा ठेवला. घरात लहान मूल असताना तीन महिने उघड्या कोब्यावर राहणं सोपं नव्हतं, पण घाई केली असती तर चौथा पावसाळाही तसाच गेला असता.

प्लास्टिकची चाचणी दोनदा कोरडी आली. तरी ती जानेवारीतली, म्हणून विश्वास न ठेवता कोब्यावर ओल अडवणाऱ्या इपॉक्सीचे दोन हात दिले. त्यावर २०० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद, सांध्यावर आठ इंच एकावर एक घेऊन टेप लावलेला आणि कडेने भिंतीवर थोडा चढवलेला. मग अंडरले, म्हणजे फळ्यांखालचा फोमसारखा थर, मग फळ्या, चारही बाजूंनी १२ मिलिमीटर जागा सोडून. स्कर्टिंग भिंतीला ठोकलं, फळीला नाही. हॉल आणि पॅसेज यांच्यामध्ये, दाराच्या चौकटीखाली, टी-प्रोफाइल, म्हणजे दोन भागांमधली मोकळी फट झाकणारी पट्टी, घातलं, कारण सलग आठ-दहा मीटरच्या वर लांबी न्यायची नसते.

जुन्या फळ्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश परत वापरता आल्या. त्यानंतर दोन पावसाळे गेले. एकही फळी उचलली नाही. दाराजवळच्या एका सांध्याला अजून बोटाने कळेल इतका उंचवटा आहे, तो जुन्या फळीतलाच राहिलेला.

कॉन्ट्रॅक्टर निवडताना

पहिल्या भेटीत मी आता एकच प्रश्न आधी विचारते: "दादा, तुमचं ओलावा मोजायचं मीटर दाखवा." ज्याच्या पिशवीत मीटर नाही त्याला रेट विचारायचीही गरज नाही. लेझर टेप प्रत्येकाकडे असतो, कारण स्क्वेअर फूट मोजल्याशिवाय बिल होत नाही.

दुसरं, माल नेमका काय आहे ते कोटेशनवर लिहून घ्या. आपल्याकडे लॅमिनेट, इंजिनिअर्ड आणि भरीव लाकूड या तिन्हींना दुकानात सर्रास "वुडन फ्लोअरिंग" म्हणतात. लॅमिनेटवर लाकडाच्या छापाचा कागद असतो, त्याची घासाई कधीच होत नाही. इंजिनिअर्डवर खऱ्या लाकडाचा पातळ थर असतो. तो ३-४ मिलिमीटर असेल तर आयुष्यात एक-दोनदा घासता येतो, एक मिलिमीटरच्या आत असेल तर नाही. नमुन्याची फळी हातात घेऊन तिची कड बघा, थर डोळ्यांना दिसतो. भरीव सागाची फळी घेत असाल तर वखारीतून आलेल्या मालाचं मीटर-रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला सांगा. प्लायवर ठोकणार असतील तर तीन इंचांपेक्षा रुंद फळीत आणि खालच्या प्लायमध्ये २ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. चिकटवणार असतील तर सागाला तेलाचा अंश असतो, गोंद लावण्याआधी ती बाजू पुसून घेतात का, हेही विचारा. ज्याने सागावर काम केलंय तो लगेच सांगेल.

कोटेशनमध्ये फक्त "फ्लोअरिंग सप्लाय व फिटिंग" एवढंच असेल तर ते परत द्या. कोबा सपाट कोण करणार, पॉलिथिन किती मायक्रॉनचं, अंडरले कसला, कडेला जागा किती, दारं खालून कापायची कोणी, स्कर्टिंगचा रनिंग फुटाचा भाव, वेस्टेज किती टक्के धरलंय, जुना माल कोण नेणार, हे सगळं लिहिलेलं हवं. वेस्टेज ५ ते १० टक्के ठीक आहे. उरलेला माल तुमचा, त्याच बॅचचं एक खोकं घरात ठेवून द्या.

माल आणल्या दिवशी बसवू देऊ नका. लॅमिनेट, इंजिनिअर्डची खोकी दोन-तीन दिवस त्याच खोलीत आडवी ठेवा. भरीव लाकडाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, तिथे दिवस मोजू नका, मीटर सांगेल. आणि फळ्या टाकण्याआधी खाली अंथरलेल्या कागदाचे, टेपचे, कडेच्या जागेचे फोटो काढा. एकदा स्कर्टिंग बसलं की सगळी कामं सारखीच दिसतात.

पैशांचं म्हणाल तर सगळे कधीच एकदम नाही. शेवटचे दहा टक्के एक पावसाळा गेल्यावर, असं आधीच ठरवा. चांगला माणूस थोडी कुरकुर करून मान्य करतो. आमच्या नव्या मिस्त्रींनी केलं, आणि सप्टेंबरमध्ये स्वतः येऊन पट्टी ठेवून बघून गेले. जीएसटीचं पक्कं बिल घ्या. वाद झालाच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे तुमचे फोटो, रीडिंग आणि लिहिलेलं कोटेशनच उपयोगी पडतं.

रोजची निगा

बादली आणि फिनेल लाकडी जमिनीवर नकोच. मायक्रोफायबरचं फडकं इतकं पिळलेलं हवं की हात फिरवल्यावर एक-दोन मिनिटांत जमीन वाळली पाहिजे. हे मी आमच्या मावशींना सांगून भागलं नाही, शेजारी बसून एकदा करून दाखवलं. आता त्याच दुसऱ्या घरच्या वहिनींना सांगतात. अॅसिड, सोडा, वाफेचा मॉप, काही नको. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशवर खोबरेल किंवा अळशीचं तेल चोळायचा सल्ला बरेचजण देतात, त्याने फक्त चिकटपणा येतो आणि धूळ बसते.

रांगोळी लाकडावर थेट काढू नका. तिचे कण पायाखाली पॉलिशपेपरचं काम करतात. पाटावर काढा. समईखाली ताम्हन, कुंड्यांखाली खोल बशी, आणि बशीखाली चार बुटकी पावलं, म्हणजे वारा खेळतो. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या लावा. ओल्या चपला दाराबाहेरच. डाग तारेच्या घासणीने घासू नका. तिचे लोखंडी कण सागात किंवा ओकमध्ये राहिले आणि ओल लागली की काळे ठिपके पडतात.

हे वाचताना पाऊस चालू असेल आणि फळी वर आली असेल तर

आज फळी ठोकू नका, घासू नका, वर जड कपाटही ठेवू नका. त्या भिंतीकडचं स्कर्टिंग सुटं करा. फळी भिंतीला टेकली असेल तर सुताराकडून मल्टीकटरने कडेची दहा-बारा मिलिमीटर पट्टी कापून घ्या, बरेचदा उंचवटा दोन-चार दिवसांत निम्म्यावर येतो. वरचा गालिचा काढा, पंखा चालू ठेवा, एसी असेल तर ड्राय मोडवर लावा. पलीकडचा बाथरूम दोन दिवस न वापरता मीटरचा आकडा उतरतो का बघा. रीडिंग तारखेसह कॅलेंडरवर लिहीत जा. सलग दोन आठवडे तो आकडा घरातल्या चांगल्या जागेइतका राहिला, की मग मिस्त्रीला बोलवा.